नांग्या भरूनही त्याच जागी वाळणारा बांबू : कोरडवाहू शेतात जात आणि जागा यांचा मेळ

विदर्भातील कोरडवाहू शेतात बांबू लावणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. पहिल्या पावसाळ्यात रोपे चांगली धरतात, दुसऱ्या वर्षी बोटभर जाडीचे कोंबही निघतात, आणि मग एखाद्या उन्हाळ्यात किंवा आठ-दहा दिवसांच्या झडीनंतर शेताच्या ठरावीक भागातील रोपे वाळतात. पुढच्या जूनमध्ये शेतकरी त्याच जातीची रोपे आणून त्याच खड्ड्यांत नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा वाळकी काडी उभी राहते. रोपे खराब होती, पाणी कमी पडले, उधई लागली अशी कारणे सांगितली जातात, आणि त्यांपैकी एखादे खरेही असते; पण मर जर दरवर्षी शेताच्या त्याच कोपऱ्यात होत असेल, तर दोष रोपात शोधण्याआधी तो कोपरा तपासला पाहिजे.

हे मी दुसऱ्याच्या शेताकडे पाहून लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतात दोन एकरांवर 12 बाय 12 फुटांवर बालकोआ जातीची सुमारे 600 रोपे मी लावली होती. शेत वरच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, खालच्या नाल्यापर्यंत उतरत जाते. वरचा पट्टा बरड (उथळ, मुरमाड), मधला मध्यम काळा आणि खालचा भारी काळा आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, कारण वर ज्वारी बरी येई आणि खाली कपाशी. तरीही बांबू म्हणजे एक प्रकारचे गवतच, ते कुठेही येते, अशा समजुतीने मी तिन्ही पट्ट्यांत एकच जात, एकाच मापाच्या खड्ड्यांत लावली. दोनदा नांग्या भरल्या. तिसऱ्यांदा भरण्याआधी मात्र मेलेली रोपे एकेक करून उकरून पाहिली, आणि वरच्या पट्ट्यातील मरण व खालच्या पट्ट्यातील मरण ही दोन अगदी वेगळी मरणे आहेत, हे तेव्हा समजले.

२०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. खासगी शेतातील बांबू तोडणे व नेणे त्यामुळे सोपे झाले आणि आपल्याकडे लागवड वाढली. लागवड वाढली तशा जातीही वाढल्या; पूर्वी गावाला मानवेल आणि काटस एवढेच बांबू ठाऊक होते, आता रोपवाटिकेत सहा-सात नावे ऐकू येतात. निवड वाढली की चूक करण्याची संधीही वाढते.

रोप खरोखर मेले आहे का

निदानाची सुरुवात या प्रश्नाने करावी लागते, कारण मानवेलाच्या बाबतीत कित्येक जण इथेच फसतात. मानवेल हा आपल्या पानझडी जंगलातील बांबू आहे. कोरड्या जागी फेब्रुवारी-मार्चपासून तो पाने गाळतो आणि एप्रिल-मेमध्ये पिवळसर, उघडा, मेल्यासारखा दिसतो. अशा अवस्थेतील रोपे मेली समजून उपटून टाकल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत. काठीच्या बुडाशी नखाने किंवा विळ्याच्या टोकाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवट ओल दिसली तर रोप जिवंत आहे. काठी पूर्ण वाळलेली असली तरी बुडाजवळची माती बाजूला सारून जमिनीखालचा कंद पाहावा. कंद पांढरट-पिवळसर आणि घट्ट असेल तर पहिल्या दमदार पावसानंतर नवा कोंब येण्याची आशा ठेवता येते. तो तपकिरी, हलका किंवा पोकळ झाला असेल तर आशा सोडावी. जुलैच्या शेवटापर्यंत कोंब आला नाही, तरच ती जागा रिकामी झाली असे मोजावे. बालकोआ किंवा टुल्डा या जाती मात्र चांगल्या ओलीत वर्षभर बऱ्यापैकी हिरवे राहतात, त्यामुळे त्यांची पाने मार्चमध्येच सरसकट गळू लागली तर ते ओल संपल्याचे लक्षण समजावे.

मेलेले रोप काय सांगते

रोप कोणत्या महिन्यात मेले, हा पहिला पुरावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भर पावसात पाने पिवळी पडून रोप बसले असेल, तर पाणी साचल्याचा संशय घ्यावा. दिवाळीपर्यंत हिरवेगार असलेले रोप एप्रिल-मेमध्ये वाळले असेल, तर मुळे खोल गेली नाहीत किंवा जमीन फाटून मुळे तुटली, असे मानावे. दुसरा पुरावा मुळांचा आहे आणि तो जास्त भरवशाचा आहे. रोप उपटू नये, कारण उपटताना मुळे तुटतात व पुरावा मातीतच राहतो. दीड फुटाच्या घेराने खोदून रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढावे आणि माती हळूहळू झाडावी.

खालच्या पट्ट्यातील रोपांची मुळे काळी होती, त्यांना कुजका वास येत होता, आणि बोटांत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखी शीर उरत होती. पाणी साचून मुळांना हवा न मिळाल्याची ही खूण आहे. वरच्या पट्ट्यातील मुळे गवती रंगाची, कोरडी, कटकन मोडणारी होती, आणि त्यांचा आकार बोलका होता: खड्ड्याच्या भिंतीपर्यंत जाऊन ती तिथून वळली होती आणि खड्ड्याच्या आतच गोल फिरत राहिली होती. काही रोपांत तर पिशवीतले वेटोळे जसेच्या तसे होते. हा दोष रोपवाटिकेत जास्त दिवस पडून राहिलेल्या रोपांचा असतो, आणि पिशवी फाडताना खालचे वेटोळे ब्लेडने कापले असते तर तो टाळता आला असता.

इथे दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्याबद्दल बोलणे भाग आहे, कारण सगळीकडे हेच माप सांगितले जाते आणि दोन्ही टोकांच्या जमिनींत तेच घात करते. भारी काळ्या जमिनीत आपण खड्डा खणतो, त्यात शेणखत आणि भुसभुशीत माती भरतो, पण भोवतालची भिंत चिकणमातीची राहते. झडीत आजूबाजूचे पाणी त्या मोकळ्या मातीकडे धावते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने खड्ड्याची कुंडी होते. बरड जमिनीत उलट घडते. दीड वीत मातीखाली कडक मुरूम असतो, खड्ड्याची भिंत सब्बलीने फोडलेली तेवढीच, त्यापलीकडे मूळ शिरत नाही. म्हणजे आपण रोप जमिनीत नव्हे, मुरमाच्या कुंडीत लावलेले असते. पहिले दोन उन्हाळे आपण हाताने पाणी घालतो, म्हणून ते जगते. तिसऱ्या वर्षी पाला वाढलेला असतो, पाणी घालणे थांबलेले असते, आणि तेवढ्याशा मातीतली ओल त्या पाल्याला मार्चपर्यंतसुद्धा पुरत नाही. “दोन वर्षे चांगले होते, मग अचानक मेले” या वाक्यामागचे कारण बहुतेक वेळा इतके साधे असते.

तिसरी शक्यता भेगांची. आपल्या काळ्या जमिनी पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. भेग नेमकी खड्ड्याच्या कडेने, म्हणजे मोकळी माती आणि घट्ट माती जिथे मिळतात तिथून जाते, आणि जाताना कोवळी मुळे तोडते. बांबूची बहुतेक मुळे व कंद वरच्या दीड-दोन फुटांतच असल्याने त्याला ही इजा जास्त होते. असे रोप खोदल्यावर एका बाजूची मुळे निरोगी आणि दुसऱ्या बाजूची सरळ तुटलेली दिसतात.

जमीन वाचण्याचे उपाय

मातीपरीक्षण करावेच, पण बांबूच्या बाबतीत त्याआधी पाण्याची चाल कळली पाहिजे. शेताच्या प्रत्येक पट्ट्यात दोन फूट खोल एक खड्डा खणावा, तो पाण्याने भरून जिरू द्यावा, आणि लगेच दुसऱ्यांदा भरून चोवीस तासांनी पाहावे. दुसरे पाणी दोन-तीन तासांत गायब झाले तर ती जागा ओल धरणारी नाही. दुसऱ्या दिवशीही खड्डा निम्म्याहून जास्त भरलेला असेल तर तिथे पावसाळ्यात मुळे गुदमरणार. दोन्हींच्या मधली जागा बहुतेक जातींना चालते. ही चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन भिजलेली असताना करावी. मेमध्ये केली तर भेगांतून पाणी पळते आणि भारी जमीनही निचऱ्याची वाटते. मी पहिली चाचणी मेमध्येच केली होती आणि तिच्यावर विसंबलो होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

खड्ड्याच्या भिंतीकडेही पाहावे. माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, पांढरे चुनखडीचे खडे कोणत्या थरात आहेत, जुन्या झाडांची मुळे कुठवर उतरली आहेत, हे तिथे उघड दिसते.

धुऱ्यावरची आणि आसपासची झाडे ही दुसरी साक्ष. ज्या उतारावर साग आपोआप वाढतो, तिथे निचरा चांगला असतो, आणि आपल्या जंगलांत मानवेल बहुतेक सागाच्या सोबतीनेच आढळतो, मग ते ताडोबा असो की मेळघाट. सालई आणि धावडा असलेली टेकडी फार कोरडी व उथळ समजावी. तिथे मानवेलही जगतो, पण बुटका राहतो. कहू, म्हणजे अर्जुन, आणि जांभूळ नाल्याकाठी असतील तर जमिनीखाली उन्हाळ्यातही ओल असते. शिंदीची झाडे दिसली तर पाणथळपणा गृहीत धरावा. पळस मात्र चांगल्या-वाईट अशा अनेक जागी येतो, म्हणून एकट्या पळसावरून काही ठरवू नये.

तिसरी साक्ष माणसांची. आमच्या खालच्या पट्ट्याबद्दल मी खड्डे, पाणी, मुळे असा सगळा खटाटोप केल्यानंतर शेजारचे एक म्हातारे काकाजी धुऱ्यावर बसून सहज म्हणाले, “थ्या जागेत तं आमच्या लहानपनी बैल फसत होते, भाऊ.” लागवडीच्या आधी मी त्यांना विचारले नव्हते.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, जमिनीची जुनी नावे अजून वापरात आहेत. कन्हार, मोरांड, खरडी, बरडी, सिहार या नावांत जमिनीचा पोत आणि तिची खोली दोन्ही सामावलेली असतात. “हलकी” किंवा “भारी” अशा दोन शब्दांत जात निवडण्यापेक्षा हे वर्गीकरण अधिक कामाचे आहे. धानाच्या बांधीत मात्र कोणताही बांबू लावण्याचा विचार करू नये. बांधी पाणी अडवण्यासाठीच केलेली असते. बांबू लावायचाच असेल तर तो बांधीच्या उंच पाळीवर लावावा.

कोणती जात कुठे

पावसाचा आकडा आधी लक्षात घ्यावा. बुलडाणा-अकोल्याकडे वर्षाला सुमारे 800 मिलिमीटर पाऊस पडतो. गडचिरोलीकडे तो 1300 मिलिमीटरच्या पुढे जातो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मेमध्ये पारा 45 अंशांवर जातो. म्हणजे सात-आठ महिने बांबूला जमिनीत साठलेल्या ओलीवर काढायचे असतात. गडचिरोलीत कोरडवाहू म्हणून यशस्वी झालेली जात बुलडाण्यात कोरडवाहू म्हणून चालेलच असे नाही.

या परिस्थितीला सगळ्यात सरावलेली जात म्हणजे मानवेल. सुमारे 750 मिलिमीटर पावसावर, मुरमाड उतारावर, पाणी न घालता टिकणारा दुसरा उपयुक्त बांबू मला माहीत नाही. त्याची अट एकच आहे, ती म्हणजे निचरा. साचलेले पाणी तो सहन करत नाही. कोरड्या जागी त्याची काठी बारीक पण भरीव किंवा जवळजवळ भरीव होते, आणि लाठी, अवजारांचे दांडे, शिडी, मांडवाचे खांब यांसाठी तिलाच मागणी असते. हाच मानवेल ओलसर, खोल जमिनीत लावला तर उंच आणि जाड होतो, पण पोकळही होतो. त्यामुळे “चांगली” जमीन दिली म्हणजे चांगला माल मिळेल, हा हिशेब इथे चुकतो: नाल्याकाठच्या सुपीक गाळात वाढवलेला मानवेल पाहून भरीव काठीचा गिऱ्हाईक नाक मुरडतो, तर टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाला लांब पेरांचा, सहज चिरला जाणारा बांबू हवा असल्याने तोच आवडतो. गिऱ्हाईक कोण, हे ठरवल्याशिवाय जागाही ठरत नाही.

काटस हा काटेरी बांबू नाल्यांच्या आणि नद्यांच्या काठाचा आहे. पूर येऊन ओसरणाऱ्या, खोल गाळाच्या जागेत तो प्रचंड वाढतो, 60-70 फुटांपर्यंतही जातो, आणि काठ धरून ठेवतो. दलदलीत मात्र तोही सुखी नसतो. वाहते पाणी आणि साचलेले पाणी यांत तो फरक करतो. त्याचा खरा त्रास कापणीच्या वेळी कळतो, कारण बेट काट्यांनी असे गुंफले जाते की आतील पक्व बांबूपर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून तो शेतात न लावता नाल्याकडेला, दोन बेटांत 20 ते 25 फूट अंतर ठेवून लावावा आणि पहिल्या वर्षापासून खालच्या काटेरी फांद्या छाटाव्यात.

बालकोआ, आणि त्याचीच निवड म्हणून ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांच्या रूपात विकला जाणारा भीमा, यांबद्दल सध्या सर्वांत जास्त विचारणा होते. ही जात बंगाल आणि ईशान्य भारताची आहे. काठी जाड, भिंत जाड, काटे नाहीत, वाढ जोरदार. तिच्या गुणांविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण जिथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो त्या भागातून ती आली आहे, आणि विदर्भात तिचे यश बव्हंशी ठिबकच्या नळीवर अवलंबून असते. मध्यम ते खोल, निचऱ्याची जमीन आणि मे महिन्यातही चालणारी विहीर, या दोन्ही गोष्टी असतील तर बालकोआ अवश्य लावावा. विहीर मार्चमध्ये आटत असेल तर लावू नये. ठिबकच्या भरवशावर बरड पट्ट्यात लावलेला बालकोआ मरत नाही, पण काठ्या बोटाएवढ्याच राहतात, आणि मग पाण्याचा व विजेचा खर्च मानवेलाएवढ्या मालासाठी होतो.

टुल्डा आणि नुटन्स हे दोन्ही याच कुळातले ओलप्रिय बांबू आहेत. सिंचन आणि गाळाची जमीन असेल तरच त्यांचा विचार करावा. खाण्याच्या कोंबांसाठी नावाजलेला अ‍ॅस्पर कोरडवाहू शेतात लावूच नये; वास्त्यांच्या, म्हणजे कोवळ्या कोंबांच्या, भाजीसाठी आपला मानवेल आणि काटस पुरेसे आहेत. माणग्याची काठी सरळ, बिनकाट्याची आणि जवळजवळ भरीव असल्याने मोह होतो, पण त्याचे घर सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या दमट हवेत आहे. आपल्याकडे तो परसात, सांडपाण्याच्या आधाराने बरा. साधा हिरवा बांबू, ज्याचा पिवळा प्रकार बंगल्यांच्या आवारात दिसतो, तो अधूनमधून पाण्याखाली जाणारी जमीनही सहन करतो. तलावाच्या पाळीखालच्या ओलसर जागेला तो चालतो, मात्र त्याच्या काठीत पिठूळ अंश जास्त असल्याने तोडल्यावर भुंगेरा लवकर लागतो आणि भुसा पडू लागतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्याचा, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या आणि खाऱ्या पाण्याच्या भागाचा, प्रश्न वेगळा आहे. तिथे पानांची टोके आधी करपतात, पावसानंतर जमिनीवर पांढरा थर दिसतो, आणि विहिरीचे पाणी जितके जास्त द्यावे तितके रोप खंगते. घरच्या घरी एक परीक्षा करता येते: साठवलेल्या पावसाच्या पाण्याच्या ग्लासात मातीचे वाळलेले ढेकूळ सोडावे आणि न हलवता काही तास ठेवावे. ढेकूळ विरघळून पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि तसेच राहिले, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून निचरा बिघडलेली, होत आहे. अशा जमिनीत जात बदलून प्रश्न सुटत नाही. आधी मातीपरीक्षण करून सामू, क्षारता आणि जिप्समची गरज काढावी, निचऱ्याचे चर काढावेत, आणि तोवर बांबूवर पैसा घालू नये.

चुकीच्या जागी लावून झाले असेल तर

इथे मी माझ्या शेतात काय केले ते पट्ट्यांप्रमाणे सांगतो, कारण बहुतेक वाचक लागवडीनंतरच हा प्रश्न घेऊन बसलेले असतात.

बरड पट्ट्यातील जिवंत बालकोआ मी काढला नाही, पण मेलेल्या जागी पुन्हा बालकोआ लावला नाही. तिथे मानवेलाची बियांपासून केलेली रोपे आणली आणि खड्ड्याऐवजी उताराला आडवे, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल सलग चर काढून लावली. चरात मुरूम लांबवर फोडला जातो, मुळांना निदान दोन दिशांना मोकळी वाट मिळते, आणि वरून वाहून येणारे पावसाचे पाणी तिथेच जिरते. रोपाच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धचंद्र बांध घातला. ऑक्टोबरच्या शेवटी बुडाशी सोयाबीनचे कुटार आणि बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) यांचा वीतभर थर दिला. उधईच्या भीतीने तो काठीला भिडू न देता चार बोटे दूर ठेवला. पहिल्या दोन उन्हाळ्यांत दर आठवड्याला एका रोपाला 20 लिटरच्या आसपास पाणी दिले, पण बुडाशी न देता फूटभर दूर, जेणेकरून मूळ पाण्याच्या शोधात बाहेर जाईल.

मधल्या पट्ट्यात बालकोआ ठीक होता, तिथे भेगांचा बंदोबस्त एवढेच काम होते. पाऊस थांबल्यावर, जमीन वापशावर (ना चिखल, ना कोरडी) असताना, ओळींमधून दोनदा डवरा फिरवला. वरची माती भुसभुशीत राहिली की भेगा उशिरा आणि अरुंद पडतात. तिसऱ्या वर्षानंतर बेटाचा स्वतःचाच पालापाचोळा हे काम करू लागतो, म्हणून तो झाडून जाळू नये. पालापाचोळा असला की मार्चनंतर वणव्याचा धोका असतो, त्यासाठी धुऱ्याच्या आतून दहा फुटांचा पट्टा साफ ठेवावा.

भारी पट्ट्यात आधी निचरा केला. उताराच्या दिशेने नाल्यापर्यंत दोन चर काढले, आणि उरलेल्या रोपांभोवती माती ओढून दीड फूट उंचीचे वरंबे केले. ज्या जागी पाणी फार साचत नव्हते, तिथे वरंब्याच्या खांद्यावर लावलेली नवी रोपे टिकली. अगदी खालच्या, बैल फसणाऱ्या चतकोर तुकड्यात वरंबेही खचले.

जागेचा दोष नसलेल्या तक्रारी

रोपे जगली आहेत, पण काठ्या जाड होत नाहीत, ही तक्रार वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे आणि तिला जागा जबाबदार असेलच असे नाही. बांबूची काठी जमिनीतून जेवढी जाड निघते तेवढीच राहते. झाडासारखी ती वर्षानुवर्षे फुगत नाही. पुढच्या वर्षीचा कोंब किती जाड निघेल, हे या वर्षी पानांनी कंदात किती अन्न साठवले यावर ठरते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतील करंगळीएवढ्या काठ्या निरुपयोगी समजून तोडल्या, किंवा शेळ्यांनी पाला खाल्ला, तर बेट तिथेच अडकून पडते. ज्याला आमच्याकडे रांजी म्हणतात ते भरगच्च बेट तयार होईपर्यंत कोयता दूर ठेवावा. पुढे तोडतानाही चालू वर्षाच्या आणि गेल्या वर्षीच्या काठ्या राखून तीन वर्षांवरच्या काठ्याच काढाव्यात, आणि पावसाळ्यात, कोंब फुटत असताना, तोड करूच नये.

कोंब जुलै-ऑगस्टमध्ये दिसून नंतर नाहीसे होत असतील, तर रानडुक्कर आणि सायाळ यांच्या पाऊलखुणा शोधाव्यात. जंगलाला लागून असलेल्या शेतात रोही (नीलगायी) कोवळे शेंडे खातात. पहिल्या तीन पावसाळ्यांत काटेरी झिलप्यांचे कुंपण केल्याशिवाय इथे दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

लागवड चार-पाच वर्षांचीच असताना सगळी बेटे एकदम फुलोऱ्यावर आली, तर रोप कशापासून तयार केले होते याची चौकशी करावी. मानवेल साधारण 25 ते 45 वर्षांनी फुलतो आणि सामुदायिक फुलोऱ्यानंतर बेट मरते. बियांपासून केलेले रोप शून्यापासून सुरुवात करते. पण जुन्या बेटाचा कंद किंवा काठीचा तुकडा लावून केलेल्या रोपाला मूळ बेटाचे वय चिकटलेले असते. मूळ बेट 35 वर्षांचे असेल तर आपले नवे शेत कागदावर नवे आणि बांबूच्या हिशेबाने म्हातारे असते. म्हणून रोपे घेताना मानवेलासाठी बियाण्याचे वर्ष आणि ठिकाण, व कलमी रोपांसाठी मूळ बेटाचे वय विचारावे. उत्तर मिळत नसेल तर दुसरीकडे जावे. बालकोआला बी धरत नसल्याने त्याची रोपे कांडी, फांदी किंवा ऊतिसंवर्धनातूनच येतात, तिथे हा प्रश्न टाळता येत नाही, फक्त विचारता येतो.

माझ्या खालच्या चतकोर तुकड्यातील 40-45 खड्डे या जूनमध्ये मी बुजवून टाकले. नाल्याच्या कडेने कहूची रोपे लावली आहेत आणि उरलेल्या जागेत बैलांसाठी गवत राखले आहे.